ऑफिसांच्या भाड्याच्या धंद्यात पहिली दोन वर्षं

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीची एक मुलगी यंदा बी.कॉम. झाली, सध्या पुण्यात मावशीकडे राहते. तिला कमर्शियल प्रॉपर्टीत, म्हणजे ऑफिसं, गोदामं, दुकानं यांच्या व्यवहारांत काम करायचं आहे. हातात दोन नोकऱ्या आहेत. पहिली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीच्या खराडीतल्या ऑफिसात, परदेशातल्या भाडेकरारांचे गोषवारे काढण्याची, महिना २६,००० रुपये. दुसरी औंधमधल्या एका ब्रोकरकडे. तिथे मिळून तिघंच माणसं, पगार १५,००० आणि व्यवहार झाला तर त्यातला हिस्सा. वडील म्हणतात, आधी एमबीए कर, आणि शिकून दलाली करणार का, असंही विचारतात. पुढे व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणारी तज्ज्ञ, व्हायचं तिच्या मनात आहे. ती विचारते, ‘ताई, सुरुवात कुठून करू?’

गोषवाऱ्यांची नोकरी घे. तू लिहिलंयस की ती तुला ‘नुसती डेटा एन्ट्री’ वाटते आणि खरी प्रॉपर्टी तर औंधच्या ऑफिसातच हाताळायला मिळेल. मला उलटं वाटतं, आणि का वाटतं ते नीट सांगते. मी हे काम २४ वर्षं करते आहे. सुरुवात बंडगार्डन रोडवर केली, मधली सात वर्षं मुंबईत होते, आता परत पुण्यात आहे. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली: या धंद्यात माणूस दोनच ठिकाणी शिकतो, कराराच्या कागदावर आणि इमारतीच्या मजल्यावर. पहिली नोकरी निवडताना कंपनीचं नाव, पद, पगार हे सगळं नंतर बघ. तिथे करार हातात पडणार आहे का आणि मजल्यावर पाय ठेवायला मिळणार आहे का, एवढं आधी बघ. खराडीच्या नोकरीत पहिलं आहे, दुसरं नाही. ते दुसरं तुला शनिवारी स्वतः मिळवावं लागेल. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी करार. घर विकणारा माणूस गिऱ्हाइकाला दिशा दाखवतो, बाल्कनी दाखवतो, शाळा किती जवळ ते सांगतो. ऑफिसच्या इमारतीची किंमत मात्र भिंतींवर ठरत नाही, त्या इमारतीत कोण, किती वर्षं, किती भाडं देऊन बसणार आहे यावर ठरते. समज, एका मजल्याचं खर्च वजा जाता वर्षाचं भाडं ८४ लाख आहे. गुंतवणूकदार ८ टक्के परतावा मागत असेल तर तो त्या मजल्याचे साडेदहा कोटी देईल. भाडेकरू सहा महिन्यांत सोडून जाऊ शकतो असं कलम करारात सापडलं आणि त्या धास्तीने त्याने साडेआठ टक्के मागितले, तर किंमत ९ कोटी ८८ लाखांवर येते. एका कलमाने बासष्ट लाख गेले. इमारत तीच, काचही तीच.

आता तर हे शेअर बाजारापर्यंत पोहोचलंय. सेबीने २०१४ साली रीटचे, म्हणजे भाड्याच्या इमारतींत अनेकांचे पैसे एकत्र गुंतवणाऱ्या ट्रस्टचे, नियम केले, एप्रिल २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्सची पहिली रीट बाजारात आली, पुढच्या वर्षी माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफील्ड, आणि २०२३ मध्ये मॉलची नेक्सस. रीटला वाटपयोग्य रोख रकमेतली किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते. ती येते कुठून? भाड्यातून. म्हणजे खराडीतल्या किंवा ऐरोलीतल्या एखाद्या मजल्याचा लॉक-इन, म्हणजे भाडेकरूला जागा सोडता न येण्याचा काळ, कधी संपतो यात आज सांगलीतल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचाही पैसा गुंतलेला असू शकतो. या कंपन्यांत लीज ॲडमिनिस्ट्रेशनचं काम करणारी माणसं लागतात, आणि करार वाचता येणारी माणसं कमी आहेत.

करार न वाचल्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. २००४ साली एका फर्ममध्ये असताना मी एका सॉफ्टवेअर कंपनीला हडपसर भागात १२,००० चौरस फुटांचा मजला मिळवून दिला. भाडं, डिपॉझिट, पार्किंग हे सगळं मीच बोलून ठरवलं होतं. करार आला तो ४० पानांच्या वर होता. आमच्या वरिष्ठांनी सांगितलं, ते वकिलांचं काम, आपण पुढचं गिऱ्हाईक बघायचं. मी ऐकलं. आत एक ओळ होती: मिळकत करात पुढे होणारी कोणतीही वाढ भाडेकरूने सोसायची. जागा भाड्याने दिल्याची नोंद महापालिकेत गेली, कराची फेरआकारणी झाली आणि दोन वर्षांनी मागच्या तारखेपासूनचं बिल त्या कंपनीच्या दारात आलं. त्यांच्या ॲडमिन प्रमुखांनी मला बोलावून शांतपणे एवढंच विचारलं, ‘तुम्ही हे वाचलं नव्हतं?’ नव्हतं वाचलं. त्या माणसाने मला पुन्हा कधी काम दिलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं. त्यानंतर आजपर्यंत माझ्या हातून गेलेला प्रत्येक करार मी शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचला आहे.

तू मात्र पहिल्याच वर्षी दोनशे-तीनशे करार वाचशील. त्यासाठी पगारही मिळेल. या धंद्यात पंधरा वर्षं घालवूनही एवढे करार पूर्ण न वाचलेली माणसं मला माहीत आहेत.

फक्त ते वाचायचे कसे, ते सांगते. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर रकाने असतील: सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, नोटिशीचा काळ, भाडेवाढ, कॅम (सामाईक जागांच्या देखभालीचा खर्च), पोटभाडेकरू, जागा सोडताना पूर्ववत करून देण्याची अट. बहुतेक मुलं रकाना भरतात आणि पुढच्या फाइलकडे वळतात. तू प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचार: हे कोणाच्या सोयीचं आहे आणि त्याने ते का मागितलं असेल? इंग्लंडच्या करारात दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार असतो आणि तो बहुधा फक्त वरच जातो. तिथे १९५४ चा एक कायदा आहे. पक्षांनी आपसांत तो बाजूला ठेवला नसेल, तर मुदत संपल्यावर नव्या कराराचा हक्क भाडेकरूला मिळतो. अमेरिकेच्या करारात कर, विमा आणि देखभाल असं तिन्ही भाडेकरूच्या माथी मारलेलं दिसेल. मग संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःला विचार, हेच पुण्यात कसं असतं? उत्तर वहीत लिही. डिजिटल नको, कागदी वही. माझी पहिली वही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि मी ती काढून बघते.

पुण्या-मुंबईचं उत्तर कळायला थोडा इतिहास लागतो, तो देते, कारण तो कुठल्याच प्रशिक्षणात नीट सांगत नाहीत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली होती आणि प्रमाण भाड्याचा आधार १९४० चा धरला होता. त्यामुळे फोर्टमधल्या जुन्या इमारतींत मोक्याची ऑफिसं वर्षानुवर्षं नाममात्र भाड्यावर राहिली, पागडी चालली, मालक इमारतीची डागडुजी करेनासे झाले. त्यातून सुटका म्हणून मालक जागा भाड्याने न देता लीव्ह अँड लायसन्सवर देऊ लागले, म्हणजे फक्त वापराची परवानगी. तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे जे लायसन्सवर बसले होते त्यांना कायद्यात दुरुस्ती करून भाडेकरूचं संरक्षण दिलं गेलं. मालकांच्या मनात बसलेली ती भीती मी माझ्या पहिल्या काही वर्षांत अगदी जवळून पाहिली. साठीतले गृहस्थ, रिकामा मजला, चांगली कंपनी दारात, आणि तरी सही करताना हात थांबायचा.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला आणि आपला आजचा बाजार त्यानंतर उभा राहिला. त्यातली तीन कलमं तू पाठ कर. कलम २४: लायसन्सची मुदत संपली की जागा परत घेण्याची वेगळी, सोपी वाट. ही राहण्याच्या जागांसाठी आहे, पण मालक तिचा हवाला ऑफिसच्या वाटाघाटीतही देतात, तेव्हा फरक माहीत असलेला बरा. कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि कलम ३: एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपनीला या कायद्याचं संरक्षण नाही. या शेवटच्या कलमामुळेच मालक तुला पहिल्या भेटीत विचारतात, ‘पेड-अप किती आहे?’ नव्या मुलांना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो. तो मालकाच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहे. भेटीला जाण्याआधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून तो आकडा काढून ठेव.

आपल्याकडचे बहुतेक ऑफिस करार ६० महिन्यांचे का असतात तेही यातच आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क फक्त पाव टक्का आहे. लीज, म्हणजे भाडेपट्टा, केली तर ते मालमत्तेच्या मूल्याच्या हिश्श्यावर लागतं आणि कितीतरी जास्त पडतं. महिना सात लाख भाडं आणि सहा महिन्यांचं, म्हणजे ४२ लाख डिपॉझिट धर. पाच वर्षांचं भाडं चार कोटी वीस लाख, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांप्रमाणे पाच वर्षांचं व्याज एकवीस लाख, एकूण ४ कोटी ४१ लाख. त्याचा पाव टक्का १,१०,२५०. भाडेवाढ धरली तर थोडं वाढेल. हे गणित तोंडी करता आलं की समोरचा माणूस तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, हे मी बावीस वर्षांच्या मुलींच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय.

आता शनिवार. खराडीत ऑफिस आहे, म्हणजे इऑन आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर ही ऑफिसांची संकुलं तुझ्या चालण्याच्या टप्प्यात आहेत. पुढच्या शनिवारी कल्याणीनगर-येरवडा, मग मगरपट्टा, मग बाणेर-बालेवाडी, मग हिंजवडी. मगरपट्ट्यात जाशील तेव्हा हे लक्षात ठेव की तिथल्या शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकून टाकल्या नाहीत. सुमारे ४०० एकर एकत्र करून त्यांनी स्वतःच नगर उभं केलं आणि त्यात भागधारक राहिले. जमीन आणि भाड्याचं उत्पन्न यांचा संबंध समजायला मला त्याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

इमारतीच्या आत सोडलं नाही तरी हरकत नाही. बाहेरून खूप कळतं. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊला एकदा फाटकाशी उभी राहा: गाड्यांची रांग रस्त्यावर येते का, रिक्षा माणसांना कुठे सोडते, लॉबीत लिफ्टसाठी किती जण थांबलेत. दुपारी लोक जेवायला कुठे जातात ते बघ. जनरेटर कुठे ठेवलेत, फायर टेंडर इमारतीभोवती फिरू शकेल का, रात्री कोणत्या मजल्यावर दिवे नसतात. चहाच्या टपरीवर आणि सुरक्षारक्षकाशी बोल. कुठला मजला रिकामा होणार आहे हे त्यांना आमच्या रिसर्च विभागाच्या आधी कळतं, कारण खुर्च्यांचे टेम्पो त्यांच्यासमोरून जातात.

आत जायला मिळालं तर खांबांमधलं अंतर मोज. पावलांनी मोजलंस तरी चालेल. खांब दाट असले की टेबलं नीट लागत नाहीत आणि कागदावरचे शंभर जण प्रत्यक्षात पंच्याऐंशीच बसतात.

इथेच एरियाचा प्रश्न येतो, आणि तो समजला नाही तर बाकी सगळं वाया. भाडं सांगतात चार्जेबल एरियावर, म्हणजे लॉबी-जिन्यांचा वाटा धरून; माणसं बसतात कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर. चार्जेबलमधला कार्पेटचा हिस्सा म्हणजे एफिशियन्सी. गिऱ्हाइकाला ७,००० चौरस फूट कार्पेट हवंय असं धर. पहिल्या इमारतीत भाव ७० रुपये, एफिशियन्सी ७० टक्के. दुसरीत भाव ७८, एफिशियन्सी ८० टक्के. ऐकताना पहिली स्वस्त वाटते. पहिलीत १०,००० फुटांचं बिल येईल, भाडं सात लाख, वर १४ रुपयांनी कॅम एक लाख चाळीस हजार, एकूण ८,४०,०००. दुसरीत ८,७५० फूट, भाडं ६,८२,५००, कॅम १३ रुपयांनी १,१३,७५०, एकूण ७,९६,२५०. महिन्याला ४३,७५० रुपयांचा फरक, साठ महिन्यांत सव्वीस लाख पंचवीस हजार. मग पहिला मालक म्हणतो, मी फिट-आउटसाठी, म्हणजे आतली मांडणी करून घ्यायला, तीन महिने भाडं घेत नाही, तो शेजारचा एकच महिना देतो. ते धर. पहिल्याचे एकवीस लाख वाचतात, दुसऱ्याचे ६,८२,५००. तरीही दुसरी इमारत १२ लाख ७ हजार ५०० रुपयांनी स्वस्त राहते. हे सगळं एक्सेलच्या एका पानावर मावतं. असं पान तू पन्नास खऱ्या इमारतींचं केलंस तर तुला कोणी फ्रेशर म्हणणार नाही. त्यात जीएसटीचा रकाना वेगळा ठेव. भाड्यावर १८ टक्के लागतो. सॉफ्टवेअर कंपनीला तो बहुधा वळता मिळतो, रुग्णालयाला मिळत नाही, त्यामुळे एकाच मजल्याचा खर्च दोन गिऱ्हाइकांना वेगळा पडतो.

खरे आकडे कुठून आणायचे? राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत दस्तांची सूची क्रमांक दोन, आपण जिला इंडेक्स टू म्हणतो, ती शोधता येते. मोठ्या व्यवहारांच्या बातम्या येतात त्याही या नोंदींतूनच. मुंबईतल्या बीकेसीत अ‍ॅपलचं दुकान एप्रिल २०२३ मध्ये उघडलं, त्याचं किमान भाडं महिना ४२ लाख, विक्रीतला ठरलेला हिस्सा त्याहून जास्त झाला तर तो, आणि दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ, हे छापून आलं ते नोंदवलेल्या करारावरून. अशी एक बातमी घे आणि दुकानाच्या करारात विक्रीचा हिस्सा का असतो, ऑफिसच्या करारात का नसतो, यावर दोन पानं लिही. मुलाखतीत ती दोन पानं दाखव.

एक गोष्ट तू पत्रात लाजून लिहिली आहेस: ‘माझं इंग्रजी बरं आहे पण मी मराठी माध्यमातली.’ याबद्दल मला मनापासून बोलायचंय. चाकण, तळेगाव, भिवंडी या पट्ट्यांत गोदामांचं आणि कारखान्यांच्या शेडचं प्रचंड काम आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर कंपन्यांना राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवण्याचं कारण उरलं नाही, त्या मोठ्या, एकत्र जागा शोधू लागल्या. त्या जागांखालची जमीन सातबाऱ्यावर असते. सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, बिनशेतीचा आदेश मराठीत, ग्रामपंचायतीचा ठराव मराठीत, आणि जमीनमालक गावात. परदेशी कंपनीचा मोठा अधिकारी या टेबलावर भाषांतरावर अवलंबून असतो.

काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी आम्ही चाकणजवळ शेडसाठी जमीन बघत होतो. भाषांतरित टिपणात मालकाचं नाव होतं, क्षेत्र होतं, सगळं जुळत होतं. आमच्याकडे तेव्हा जुन्नर तालुक्यातली एक मुलगी नवीन लागली होती. तिने मूळ सातबारा मागून घेतला आणि विचारलं, ‘मॅडम, हे भोगवटादार वर्ग दोन आहे, चालेल का?’ वर्ग दोनची जमीन शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. टिपण करणाऱ्याने तो रकाना बिनमहत्त्वाचा समजून गाळला होता. आम्ही तिथेच थांबलो. ती मुलगी आज गोदामांच्या विभागाची प्रमुख आहे. इतर हक्काचा रकाना, कुळाची नोंद, पोटखराबा, फेरफार क्रमांकांची साखळी हे सगळं घरी आजोबांच्या तोंडी ऐकलेलं असतं. त्या ऐकण्याला बाजारात किंमत आहे. एमआयडीसीची जमीन असेल तर तिची रीत वेगळी: ती ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने असते आणि हस्तांतराला, पोटभाड्याला महामंडळाची परवानगी लागते. हेही आताच शिकून घे.

औंधच्या नोकरीबद्दल. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. माणसांशी बोलण्याची धिटाई, नकार पचवणं आणि मालकाच्या दारात चौथ्यांदा जाणं हे तिथे लवकर शिकशील. पण पंधरा हजारांत पुण्यात राहून हिश्श्याची वाट बघणं अवघड आहे. ऑफिसचा एक व्यवहार पहिल्या भेटीपासून नोंदणीपर्यंत सहज सहा-आठ महिने घेतो, ब्रोकरेज त्यानंतर येतं, आणि कधीकधी येतच नाही. माझं स्वतःचं एक ब्रोकरेज असं गेलं. मालक आणि गिऱ्हाईक यांची ओळख मी करून दिली, तीन बैठका घडवल्या, आणि करार त्यांनी आपसांत केला. माझ्याकडे लेखी काही नव्हतं. म्हणून आधी मॅन्डेट, म्हणजे काम सोपवल्याचं लेखी पत्र, नाहीतर निदान जागा दाखवण्याआधी मालकाला ई-मेल: अमुक कंपनीला आम्ही आपला अमुक मजला दाखवत आहोत, व्यवहार झाल्यास ब्रोकरेज इतकं. ‘ओके’ असं दोन अक्षरी उत्तर आलं तरी पुरे.

तरीही औंधला जायचं ठरवलंस तर त्या साहेबांना विचार: तुम्ही केलेला शेवटचा करार मला वाचायला द्याल का? नावं झाकून दिला तरी चालेल. दिला, आणि त्याच्या कडेने पेन्सिलीच्या खुणा दिसल्या, तर त्या माणसाकडे शिकायला मिळेल. ‘करार वकील बघतात’ असं उत्तर आलं तर नको.

आता वडील. ‘शिकून दलाली?’ हा प्रश्न माझ्या आईनेही विचारला होता, आणि त्यात अपमान नव्हता, काळजी होती. आपल्याकडे दलाल म्हटलं की दोघांमध्ये उभा राहून दोघांकडून घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तो प्रकार आहे, नाकारून चालणार नाही. त्यावर उपाय म्हणून आपल्या नोकरीला सल्लागार म्हणायचं, हे मला पटत नाही. शब्द बदलून काही होत नाही. वडिलांना असं सांग: मी एकाच बाजूने बसेन आणि कोणत्या बाजूने बसले आहे ते दुसऱ्याला पहिल्या दिवशी सांगेन. हे एवढं पाळलं की त्या शब्दाची लाज वाटायचं कारण उरत नाही. शिवाय विक्रीच्या व्यवहारात मध्यस्थाला आता महारेराची नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली आहे. भाड्याच्या व्यवहारांना ही नोंदणी लागत नाही, तरी ती परीक्षा तू दे. अभ्यासक्रम छोटा आहे आणि वडिलांना दाखवायला एक प्रमाणपत्र राहील.

एमबीए लगेच नको. दोन वर्षं काम केल्याशिवाय वर्गात विचारायला प्रश्नच नसतात. आणि व्हॅल्युअर व्हायचं असेल तर इथे एक खड्डा आहे, तो आधीच बघून ठेव. कंपनी कायद्याखाली जमीन आणि इमारतींचे नोंदणीकृत व्हॅल्युअर होण्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचनेची पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो, किंवा रिअल इस्टेट व्हॅल्युएशनमधला दोन वर्षांचा पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि तीन वर्षांचा अनुभव. शिवाय ५० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा. म्हणजे तुझ्या बी.कॉम.वर साधं एमबीए केलंस तर फी भरूनही ते दार उघडणार नाही. पुढे शिकायचंच ठरलं तर त्या विषयाचाच अभ्यासक्रम घे, आणि प्रवेशाआधी दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या, चालू नियमांत तो बसतो का हे स्वतः वाच. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नको. दुबईला किंवा लंडनला जायची इच्छा असेल तर आरआयसीएसच्या सभासदत्वाकडे बघ. ही १८६८ साली लंडनमध्ये स्थापन झालेली मालमत्ता-तज्ज्ञांची संस्था आहे, आणि तिथे पदवीइतकाच नोंदवून ठेवलेला कामाचा अनुभव मोजतात. तुझी वही तिथेही उपयोगी पडेल.

मुलगी म्हणून एक-दोन गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. रिकाम्या इमारतीत एकटी जायचं नाही, अंधार पडल्यावर तर नाहीच, आणि यासाठी कोणाची परवानगी किंवा माफी मागायची नाही. ‘उद्या सकाळी अकराला दाखवा’ एवढं म्हणायचं. मालक समोरच्या पुरुष सहकाऱ्याकडे बघून भाव सांगेल, तेव्हा एरियाचं गणित तू मोठ्याने कर. दुसऱ्या बैठकीपासून तो तुझ्याकडे बघून बोलतो. बांधकाम चालू असलेल्या जागी सपाट तळाचे बंद बूट. हेल्मेट मागून घे, ते आपणहून देत नाहीत.

खराडीच्या नोकरीत अठरा महिने राहा, दोन वर्षांच्या वर नको. त्यापुढे तेच तेच गोषवारे होतात आणि हात चालतो पण डोकं थांबतं. वर्ष झालं की त्याच कंपनीतल्या पुण्याच्या लीजिंग टीमच्या प्रमुखांना भेटायला वेळ माग. जाताना पन्नास इमारतींचं ते एक्सेल आणि तुझी वही घेऊन जा, आणि म्हण, मला तुमच्या पुढच्या जागा-पाहणीला बरोबर न्या, मी मोजमाप आणि टिपणं करीन. मोठ्या कंपनीचा खरा फायदा हा असतो की हव्या त्या विभागाचं दार त्याच इमारतीत दोन मजले वर असतं.

या शनिवारी मात्र इऑनपासून सुरुवात कर. मोजपट्टी नसली तरी चालेल, पण वही, पाण्याची बाटली आणि टोपी घे, कारण त्या बाजूला झाडं अजून लहान आहेत. संध्याकाळी लिहून काढ: कोणत्या इमारतीसमोर रिक्षा थांबायला जागा नाही, कुठे ‘टू लेट’चा बोर्ड आहे, त्यावर मालकाचा नंबर आहे की ब्रोकरचा. आणि करार वाचताना एखादं कलम अडलं तर नावं खोडून ते मला पाठव.